गोलाईतला पितळी सोऱ्या आणि चकलीचे औट वेढे

लातूरच्या गंज गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यांतल्या एका रस्त्यावरच्या जुन्या भांड्यांच्या दुकानातून मी गेल्या दिवाळीच्या तोंडावर पितळेचा, दांडा फिरवून चालवायचा सोऱ्या घेतला. त्यानंतर एक दिवाळी, दोन डोहाळजेवणे आणि भाचीच्या लग्नातले रुखवत एवढे काम त्याच्यावर झाले आहे, त्यामुळे आता त्याच्याविषयी खात्रीने लिहिता येईल असे वाटते. त्यावर कोणत्याही कंपनीचे नाव नाही. अशा वस्तूची जाहिरात होत नाही, आणि घेणाऱ्याला दुकानात उभे राहून पाच मिनिटांत निर्णय करावा लागतो. म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

सोऱ्या चांगला की वाईट हे ठरवण्याआधी त्यातून जो आकार निघायला हवा तो आकार कोणता, हे ठरवावे लागते. शेवेला आकार नसतो, लांबी असते. चकलीचे तसे नाही. तिच्या पिठाचे प्रमाण घराघरात बदलते, कोणी भाजणीची करतो, कोणी तांदळाची, आमच्याकडे ज्वारीच्या पिठाची चकलीही होते. इतके बदलूनही तिला चकलीच म्हणतात, याचा अर्थ हे नाव पदार्थाचे नसून आकाराचे आहे. मुलांनी पाटीवर आतून बाहेर जाणारी गोल गोल रेघ ओढली की आपण ‘चकली काढली’ असे म्हणतो, तेव्हा त्यात पीठही नसते आणि तेलही नसते.

हा शब्द कुठून आला, असे विचारले तर बहुतेक जण लगेच ‘चक्र’ असे सांगतील. संस्कृतातल्या चक्राचे प्राकृतात ‘चक्क’ झाले आणि मराठीत ‘चाक’ आले. चकती, चक्की, चकरा मारणे हे सगळे त्याच गोतावळ्यातले शब्द आहेत. सोऱ्याच्या तळाशी बसवतात त्या भोकाच्या पत्र्यालाही आपण चकतीच म्हणतो. तेव्हा चकली हीसुद्धा चाकाची धाकटी लेक, असे मानणे सोपे जाते. माझे मन मात्र तिथे अडते. चक्र बंद असते. त्याची रेघ जिथून निघते तिथेच परत येते. चकलीची रेघ परत येत नाही, ती दर फेऱ्याला आधीच्या जागेच्या बाहेरून जाते. हा फरक बारकाईचा वाटला तरी आमच्या भागातल्या शेतकऱ्याला तो नीट ठाऊक आहे. सोयाबीनवर येणारा चक्री भुंगा देठावर किंवा खोडावर गोल खाच पाडतो. अशा दोन समांतर खाचा पाडून तो त्यांच्यामध्ये अंडी घालतो. त्या खाचा पूर्ण बंद वर्तुळाच्या असतात, म्हणूनच तो ‘चक्री’. त्याच पिकावर २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांत तुटून पडलेली गोगलगाय मात्र ‘शंखी’ म्हणून ओळखली जाते. तिच्या पाठीवरचा वेढा बाहेर उघडत जाणारा आहे, आणि लोकांनी तिला नाव देताना चक्राकडे न जाता शंखाकडे जाणे पसंत केले. दोन्ही किडी एकाच शेतात, दोन्ही नावे आकारावरून, आणि तरी दोन आकार वेगळे ठेवलेले आहेत.

चकलीच्या नावाचा दुसरा रस्ता दक्षिणेकडून येतो आणि मला तो अधिक पटतो. निलंगा, उदगीर, उमरगा या भागांत कानडी बोलणारी घरे पुष्कळ आहेत. आमच्या शेजारच्या काकू उमरग्याच्या असून त्यांच्या माहेरी चकलीला ‘चक्कुली’ म्हणतात. हा कानडी शब्द संस्कृत ‘शष्कुली’वरून आला असे मानले जाते. शष्कुली हा तांदळाच्या पिठाचा, तेलात तळलेला पदार्थ होता आणि पाली भाषेत त्याचेच ‘सक्खलि’ असे रूप आढळते. सुरुवातीच्या ‘श’चा च-वर्गात जाण्याचा प्रकार नेहमीचा नसला तरी अनोळखीही नाही. संस्कृत ‘शाव’ म्हणजे पिल्लू, आणि त्याचा मराठी ‘छावा’ झालेला सर्वांना माहीत आहे. देगलूर-बिलोलीच्या पलीकडे तेलुगू मुलुखात गेले की याच पदार्थाला ‘चक्रालु’ असे नाव मिळते, म्हणजे तिथे उघडउघड चक्र आले. तमिळ ‘मुरुक्कु’ तर पीळ देण्यावरून आलेला आहे. एकाच तळणीच्या पदार्थाला एका भाषेने चाक म्हटले, दुसरीने पीळ म्हटले आणि तिसरीने जुन्या पक्वान्नाचे नाव पुढे चालवले. मराठवाडा यांपैकी कानडी आणि तेलुगू मुलुखांच्या शिवेला लागून असल्यामुळे त्या दोन्हींकडचे शब्द आमच्या ओट्यावर एकाच दिवशी ऐकू येतात, आणि या भागात राहण्याचे मला जे काही अप्रूप आहे त्यात हे फार वरचे आहे.

शष्कुलीकडे माझा कल असण्याचे आणखी एक कारण आहे. संस्कृतात हाच शब्द कानासाठीही वापरतात. आयुर्वेदात बाहेरच्या कानाच्या पाळीला, म्हणजे त्या वळणदार कूर्चेला, ‘कर्णशष्कुली’ म्हणतात. पदार्थावरून कानाला नाव मिळाले की कानावरून पदार्थाला, हा वाद बाजूला ठेवला तरी ज्यांनी हा शब्द दोन्हींसाठी वापरला त्यांच्या डोळ्यांसमोर चाकासारखे बंद वर्तुळ नव्हते, कानाच्या कडेसारखी आत वळत जाणारी रेषा होती, एवढे नक्की म्हणता येते. कुणाच्याही कानाकडे बाजूने पाहावे. वरून आलेली कड आत शिरून खोलगट भागात नाहीशी होते, अगदी चकलीचे आतले टोक नाहीसे होते तशी. त्याच कानाच्या आत खोलवर ऐकण्याचे जे इंद्रिय आहे त्याला मराठी शरीरशास्त्रात ‘कर्णावर्त’ म्हणतात. त्याचे वेढे सुमारे अडीच ते पावणेतीन असतात. शष्कुली हे नाव ठेवणाऱ्यांचा त्याच्याशी संबंध नव्हता, पण कानात बाहेर आणि आत दोन्हीकडे वळण निघावे, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

आता चकलीला वेढे किती असावेत? आमच्या घरात याचे उत्तर ‘औट’ असे होते. औट म्हणजे साडेतीन. हा शब्द संस्कृत ‘अर्धचतुर्थ’पासून, म्हणजे चौथे अर्धे, अशा मोजणीतून प्राकृत ‘अद्धुट्ठ’मार्गे आला आहे. जुन्या शाळेत अपूर्णांकांच्या पाढ्यांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकीनंतर औटकी पाठ करावी लागे आणि माझी आजी ती शेवटपर्यंत न अडखळता म्हणत असे. पैठणजवळच्या आपेगावचे ज्ञानेश्वर महाराज ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे वर्णन करताना ती ‘औट वळणी’ निजलेली आहे असे म्हणतात आणि तिला कुंकवाने न्हालेल्या, वळण घेऊन झोपलेल्या नागिणीच्या पिलाची उपमा देतात. कुंडल, कुंडली, कुंडलिनी हे सारे वेटोळ्याचेच शब्द आहेत. आजीने चकलीचे साडेतीन वेढे ओव्यांतून घेतले की हाताच्या सवयीतून, हे तिला विचारण्याची बुद्धी मला त्या वयात झाली नाही.

पण या साडेतीनला हिशेबाचा आधारही आहे. सोऱ्यातून येणारी कांडी साधारण एक सेंटिमीटर जाडीची असते. ती एकमेकींना चिकटून सारख्या अंतराने फिरवली, तर प्रत्येक वेढ्यामागे त्रिज्या एक सेंटिमीटरने वाढते. म्हणजे साडेतीन वेढ्यांना चकलीचा व्यास सात सेंटिमीटर होतो, जो झाऱ्यावर नीट मावतो आणि तळहातावर उचलला तरी मोडत नाही. अशा चकलीत सुमारे ३८ सेंटिमीटर लांबीची कांडी गुंडाळलेली असते. सारख्या अंतराने उघडत जाणाऱ्या या वेढ्याचा अभ्यास इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने केला आणि गणितात तो वेढा त्याच्याच नावाने ओळखतात. शंखाचा वेढा या जातीचा नाही. त्याच्या दोन वेढ्यांमधले अंतर दर फेऱ्याला वाढत जाते, कारण आतला जीव वाढत असतो. चकलीची कांडी वाढत नाही, तिने वाढूही नये. तिची जाडी पहिल्या वेढ्यापासून शेवटच्या वेढ्यापर्यंत एकच राहिली पाहिजे, आणि ती तशी ठेवणे ही सोऱ्याची खरी कसोटी आहे.

या कसोटीवर गोलाईतला हा पितळी सोऱ्या उत्तम उतरला आहे. त्याच्या नळ्याचा आतला व्यास सहा सेंटिमीटर आहे आणि वर आडवा दांडा आहे. दांडा एकदा पूर्ण फिरवला की आतला दट्ट्या पाच मिलिमीटर खाली जातो, मग पीठ सैल असो की घट्ट. हाताने दाबायच्या सोऱ्यात जोर कमीजास्त होतो, तसतशी कांडी जाड-बारीक होते, मधेच तुटते आणि बारीक झालेला भाग तेलात आधी करपतो. फिरवायच्या सोऱ्यात जोर कितीही चढला-उतरला तरी दट्ट्या आट्यांनी ठरवून दिलेल्या अंतरानेच सरकतो. सुमारे दोन फेऱ्यांत एक चकली होते आणि एका भरणीत नऊ ते दहा चकल्या निघतात. कष्टही कमी पडतात. दांड्याची मूठ एका फेऱ्यात जवळजवळ पन्नास सेंटिमीटर फिरते आणि दट्ट्या अर्धाच सेंटिमीटर उतरतो, त्यामुळे घर्षणात बराच जोर वाया गेला तरी हाताला फार थोडा भार जाणवतो. माझ्या सासूबाईंचे मनगट दुखते. त्यांनी दहा वर्षांनी पहिल्यांदा त्या दिवाळीत स्वतः चकल्या पाडल्या, आणि घरातल्या कुणीच त्यांना थांबवले नाही.

या आट्यांना काय म्हणावे यावरही दुकानात बोलणे झाले. पुस्तकी मराठीत शब्द आहे ‘मळसूत्र’. दुकानाचे मालक त्याला ‘पेच’ म्हणत होते आणि हाताखालचा मुलगा ‘आटे’ म्हणत होता. तिघांचेही बरोबर होते. ‘पेच’ हा फारसीतला पिळाचा, वळशाचा शब्द आहे. पागोट्यावरचा सरपेच, आखाड्यातले डावपेच, पतंगांचे पेच आणि माणूस पेचात पडतो तो पेच, हे सगळे मूळच्या पिळाचेच अर्थ आहेत. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामी राज्यात असलेल्या आमच्या भागात तो आजही सहज वापरात आहे याचे नवल नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. मळसूत्राचा वेढा आणि चकलीचा वेढा हे दोन निराळे आकार आहेत. मळसूत्र एकाच जाडीच्या दांड्याभोवती वर चढत जाते, ते बाहेर पसरत नाही. चकली पसरते पण चढत नाही, ती पाटावर सपाट राहते. म्हणजे या एका साधनात चढता वेढा फिरवून पसरता वेढा काढला जातो. पहिल्या दिवशी हे लक्षात आले तेव्हा मी दट्ट्या काढून बराच वेळ हातात धरून बसले होते.

जिलबीचा उल्लेख इथे टाळता येत नाही, कारण वेटोळ्याच्या पदार्थांत तीच चकलीची जवळची सोबतीण आहे. तिचे नाव अरबी ‘झलाबिया’ आणि फारसी ‘झुलबिया’ यांच्या वाटेने आले, आणि दहाव्या शतकातल्या बगदादच्या पाकग्रंथात तिच्या कृती आहेत. तिच्यासाठी भावप्रकाश या सोळाव्या शतकातल्या वैद्यकग्रंथात मात्र ‘कुंडलिनी’ असे आकारावरून घडवलेले नाव येते. पंडितांनी आकाराचे नाव दिले आणि लोकांनी आलेले नाव राखले. चकलीच्या बाबतीत उलटे घडले. शष्कुलीचा मूळ अर्थ विसरला गेला आणि लोकांना त्या नावात आकार दिसू लागला. जिलबीला सोऱ्या लागत नाही, फडक्याचे किंवा गडूचे भोक आणि सरावलेले मनगट पुरते, म्हणून तिचे वेढे एकमेकांवरून जातात आणि तेच तिला शोभते. चकलीचा वेढा वेढ्यावर गेला तर तो भाग कच्चा राहतो.

आता उणिवा. पहिली आणि मोठी उणीव म्हणजे हा सोऱ्या चालवायला दोन्ही हात गुंततात. एका हाताने नळा धरायचा आणि दुसऱ्याने दांडा फिरवायचा, मग चकलीचा गोल आकार कोण फिरवणार? दाबायच्या सोऱ्यात दोन्ही हात नळ्यावर असल्यामुळे सोऱ्याच गोल फिरवता येतो. इथे सवय होईपर्यंत दोन माणसे लागतात, किंवा कांडी सरळ कागदावर सोडून नंतर बोटांनी वळावी लागते. मी सुरुवातीला दुसरा मार्ग धरला. बोटांनी वळलेल्या चकल्यांचे काटे दबले आणि त्या थोड्या गुळगुळीत झाल्या. चौथ्या-पाचव्या घाण्यानंतर डाव्या हाताला नळा हळूहळू फिरवायची सवय लागली आणि काटे उभे राहू लागले. काट्यांचा आग्रह केवळ दिसण्यासाठी नाही. चांदणीच्या भोकातून निघालेल्या कांडीचा पृष्ठभाग गोल कांडीपेक्षा जास्त असतो, त्यामुळे तेल सगळीकडून लागते आणि चकली आतपर्यंत खुसखुशीत होते.

दुसरी उणीव वजनाची. भरल्यावर हा सोऱ्या दीड किलोच्या आसपास जातो आणि पाटापासून उचलून धरताना खांदा भरून येतो. तिसरी गोष्ट उणीव नव्हे, पितळेचा स्वभावच आहे. पीठ आत ठेवून विसरले तर ते कळकते, म्हणून काम संपताच सगळे भाग सुटे करून, आट्यांत अडकलेले पीठ काडीने काढून, चिंचेच्या पाण्याने धुऊन कोरडे पुसावे लागतात. सोबतच्या सहा चकत्यांपैकी चांदणीच्या चकतीला एका टोकाला धातूचा कंगोरा राहिला होता आणि त्यामुळे कांडीवर एक चीर उमटत होती. मी ती परत नेली तेव्हा मालकांनी कोणतीही कुरकुर न करता माझ्यासमोर कानस मारून ती गुळगुळीत करून दिली आणि पिठाचा छोटा उंडा मागवून, एक कांडी पाडून दाखवूनच मला जाऊ दिले.

याआधी दुसऱ्या एका गावातून घेतलेला ॲल्युमिनियमचा सोऱ्या मला तीनच वर्षे पुरला. त्याचे आटे उथळ होते, ते झिजले आणि दांडा फिरवला की दट्ट्या जागचा हलेना. त्या दुकानात दाद मिळाली नाही. म्हणूनच गोलाईतल्या मालकांनी वस्तू दाखवण्याआधी जे सांगितले ते मनात राहिले. मी चकाकी बघत होते, तेव्हा ते म्हणाले, “ताई, पितळ घरी गेल्यावर तुम्ही घासणारच आहात. आत्ता पेच बघा. बोट फिरवून बघा, खोल आहे का.” मी बोट फिरवले. आटे खोल, सारखे आणि कडेला न टोचणारे होते.

या परिसराविषयी थोडे सांगितल्यावाचून राहवत नाही. गोलाईच्या मध्यभागी १९१७ साली बांधलेली दुमजली गोल इमारत आहे, आत अंबाबाईचे मंदिर आहे आणि सराफ्यापासून मिरची-गुळापर्यंतचा बाजार भोवतीच्या रस्त्यांवर पसरलेला आहे. ‘गोलाई’ हे गोलपणाचे नाव जागेला मिळाले आणि ते इतके रुळले की बाहेरगावची माणसेसुद्धा ‘गोलाईत भेटू’ असेच म्हणतात. आकाराच्या शब्दांचा विचार करत सोऱ्या घ्यायला याहून योग्य ठिकाण मला मिळाले नसते. गर्दीच्या वेळी मात्र दुकानात उभे राहायला जागा नसते आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मालकांना बोलायला फुरसत नसते.

सोऱ्याला मी १,६५० रुपये मोजले. ॲल्युमिनियमच्या तुलनेत ही रक्कम बरीच आहे. वर्षातून एकदा पावशेर भाजणीच्या चकल्या करणाऱ्या घराला ती परवडत नसेल तर लाकडी दाबायचा सोऱ्या पुरेसा आहे, आणि एकट्याने काम करणाऱ्याला तोच जास्त सोयीचा पडेल. ज्या घरात चार हात आहेत, चकल्या किलोने होतात किंवा कुणाचे मनगट दुखते, त्यांनी हाच घ्यावा.

घेताना तीन गोष्टी दुकानातच तपासाव्यात. चांदणीची चकती उजेडासमोर धरून तिची सगळी टोके सारखी आहेत का ते पाहावे. दट्ट्या नळ्याच्या कडेला घट्ट लागतो का ते पाहावे, कारण फट असली तर पीठ वरून परत येते. आणि दांडा उलटा फिरवून दट्ट्या कुठेही न अडकता पूर्ण वर येतो का, हे स्वतःच्या हाताने करून बघावे. घरी आल्यावर पहिला घाणा टाकण्याआधी प्रत्येक चकलीचे बाहेरचे टोक शेजारच्या वेढ्याला बोटाने दाबून चिकटवावे. ते मोकळे राहिले तर तेलात पडताच वेढे सुटू लागतात आणि औटाचे अडीच व्हायला वेळ लागत नाही.